बाजारोत्तर भाव

बाजारोत्तर भाव : शेअर बाजाराची रोजची वेळ संपल्यावर एखाद्या शेअरचा दिसणारा किंवा ठरणारा भाव. दिवसभराच्या भावाशी तो बऱ्याचदा जुळत नाही. त्याची कारणे भारतात वेगळी, अमेरिकेत वेगळी.

सोलापूरच्या गुंतवणूकदाराला हा फरक बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स अशा गावातल्याच कंपन्यांच्या शेअरवर दिसू शकतो. दुपारी साडेतीनला शेवटचा सौदा एका भावाला होतो आणि जाहीर झालेला बंद भाव भलताच निघतो. यात गडबड काही नसते. रूढ पद्धतीनुसार बंद भाव ही ३ ते ३.३० या वेळेतल्या सौद्यांची सरासरी असते, तीही शेअरसंख्येचा भार धरून. समजा, त्या अर्ध्या तासात ९०० शेअर १,००० रुपयांना आणि अगदी अखेरीस १०० शेअर १,०२० रुपयांना गेले, तर शेवटचा सौदा १,०२० चा, पण बंद भाव १,००२. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार ही सरासरी आपापल्या सौद्यांवरून काढत आल्याने एकाच शेअरचे दोन बंद भावही दिसतात. बंदनंतरच्या छोट्या सत्रात सौदे होतात ते बंद भावालाच. तिथे भाव उसळायला वावच नाही. रात्री ॲपवर टाकलेली ऑर्डर तर सकाळपर्यंत नुसती पडून असते.

अमेरिकेत मात्र बाजार संध्याकाळी ४ ला बंद झाल्यावरही ८ पर्यंत खरेदी-विक्री चालते. सोलापुरात तेव्हा उन्हाळ्यात पहाटेचे १.३० ते ५.३० वाजलेले असतात, हिवाळ्यात तासभर उशिरा. कंपन्यांचे तिमाही निकाल बहुधा याच सुमारास येतात, गिऱ्हाईक मात्र तुरळक. त्यामुळे घेणाऱ्याने देऊ केलेला आणि विकणाऱ्याने मागितलेला भाव यांत मोठी फट पडते आणि मोजक्या शेअरांचा सौदाही भाव कुठल्या कुठे नेतो. बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपल्यावर मागे राहिलेली एक पिशवी ज्या भावाला गेली, तो त्या दिवसाचा बाजारभाव कोणी धरत नाही, हेही तसेच. चुकीचा सौदा रद्द करण्याची मर्यादाही या वेळेत सैल असते : ५० डॉलरांवरच्या शेअरचा भाव आधीच्या भावापासून दिवसा ३ टक्के, एरवी ६ टक्के तरी ढळलेला असावा लागतो.

काही भाव तर सौद्याविनाच उमटतात. ३ जुलै २०१७ च्या संध्याकाळी ॲमेझॉन, ॲपल, मायक्रोसॉफ्ट अशा कितीतरी शेअरांचा भाव काही संकेतस्थळांवर एकदम १२३.४७ डॉलर दिसू लागला. साडेनऊशे डॉलरांच्या आसपासचा ॲमेझॉन पडद्यावर ८७ टक्के कोसळला, मायक्रोसॉफ्ट वर उडाला. नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराची चाचणीसाठीची माहिती खरी समजून दाखवली गेली होती. त्या भावाला प्रत्यक्षात एकही शेअर विकला गेला नव्हता. म्हणून पहाटेचा भाव पाहताना त्यासोबतची सौद्यांची संख्या आधी पाहावी. ती शून्य किंवा नगण्य असेल तर त्या भावाला ऑर्डर लावण्यात अर्थ नसतो.