गोधडी आणि पानिपतचं ब्लँकेट: पुनर्वापर वेगळा, रिसायकलिंग वेगळं

कपड्यांच्या मोठ्या दुकानांत हल्ली बिलाच्या काउंटरशेजारी एक खोका ठेवलेला असतो. जुने कपडे यात टाका, आम्ही ते रिसायकल करू, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो पाहून कोणीतरी हमखास म्हणतं, “यात नवीन काय? आमची आजी गोधड्या शिवायची, ते रिसायकलिंगच होतं की!” मुलांच्या प्रकल्पवह्यांतही गोधडीचा फोटो याच मथळ्याखाली चिकटवलेला दिसतो.

पण आजी करत होती तो पुनर्वापर. दोन्हींत जुना कपडा उकिरड्यावर जायचा वाचतो, एवढ्यापुरतं साम्य खरं आहे. मात्र कापडाचं नेमकं काय होतं, त्याला किती वीज आणि इंधन लागतं, राबतं कोण आणि शेवटी हातात काय दर्जाचं येतं, हे पाहिलं तर दोन्ही वाटा अगदी वेगळ्या आहेत. आणि हा फरक विसरल्यामुळेच आपण खोक्यात कपडे टाकून आजीसारखं वागल्याचं समाधान मिळवतो.

आधी गोधडी. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर सुती कापड. ते विरायचं ते सगळीकडे सारखं नाही. बसण्याउठण्याच्या जागी आधी. मग त्याला दंड घालत. विरलेला भाग काढून टाकायचा आणि उरलेली टोकं एकमेकांना जोडून घ्यायची. दंड घातलेलं लुगडं घरात, शेतात आणखी बरेच दिवस चाले. त्यानंतर त्यातून मुलीचा परकर निघे, तान्ह्या बाळाची दुपटी आणि लंगोट निघत. बाळाला नवं कापड नकोच असे, कारण शंभर धुण्यांनी मऊ झालेल्या सुताइतकं नवं कापड मऊ नसतं. एवढं होऊनही जे उरे, ते गोधडीत जाई. गोधडी फाटली की तिची फडकी, आणि फडक्यांचं शेवटी पोतेरं.

या सगळ्या प्रवासात कापड कुठेही मोडलं जात नाही. विणकराने घातलेली वीण शेवटपर्यंत शाबूत असते. बदलतं ते फक्त काम, आणि दर वेळी कापडाला आधीपेक्षा हलकं काम मिळतं. विरलेलं लुगडं अंगावर नेसलं तर ओढाताणीने फाटेल. तेच अंथरलं तर त्यावर ताण येत नाही. वरून-खालून त्यातल्या त्यात धड लुगडी घ्यायची, मध्ये फाटके तुकडे भरायचे, अंगणात सगळं ताणून पसरायचं आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. टाके जवळजवळ असले की कुठल्याच एका थरावर भार येत नाही आणि आतले तुकडे गोळाही होत नाहीत. थराथरांत हवा अडकते म्हणून ऊब येते. ग्रामीण भागात जिला वाकळ म्हणतात ती पार जुनी झाली तर नव्या वाकळीच्या पोटात भर म्हणून जाते. लागतं काय? सुई, दोरा आणि उन्हाळ्यात शेतीची कामं थंडावल्यावर दुपारचा वेळ. विजेचं एक युनिट नाही, पाण्याचा एक टँकर नाही.

आता पानिपत. हे नाव ऐकलं की मराठी माणूस १७६१ मध्ये जाऊन पोचतो, पण कापडाच्या धंद्यात ते चिंध्यांचं गाव म्हणून जगाला माहीत आहे. परदेशात टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर, मफलर जहाजांनी भारतात येतात आणि ट्रकांनी तिथे पोचतात. बायका जमिनीवर बसून बटणं, चेनी, अस्तरं काढतात. मग रंगवार ढीग लावतात: लाल लालमध्ये, काळे काळ्यामध्ये. ही वर्गवारी नीट झाली की सूत पुन्हा रंगवावं लागत नाही, आणि रंगकामाचं पाणी वाचतं. त्या धंद्यातली मला सगळ्यांत हुशार वाटणारी गोष्ट हीच. पुढे कपड्यांचे तुकडे करून ते काटेरी रुळांच्या यंत्रात घालतात. वीण, सूत, पीळ सगळं उसवून परत तंतूंचा भुगा हाती येतो. तो पिंजून, गरजेप्रमाणे नवे कृत्रिम तंतू मिसळून जाड सूत काततात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. भूकंप-पुरानंतर मदत म्हणून वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं कित्येक वर्षं मोठ्या प्रमाणावर इथून गेली.

हे रिसायकलिंग. वस्तू मोडायची, तिचा कच्चा माल करायचा आणि त्यातून दुसरीच वस्तू घडवायची. ही काही आजकालची कल्पना नाही. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ या माणसाने १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्या फाडून त्यात नवी लोकर मिसळली आणि कापड काढलं; पुढे त्या सगळ्या परिसराचा तो मोठा धंदा झाला. तेव्हा ‘पूर्वीचं ते पुनर्वापराचं, आताचं ते रिसायकलिंगचं’ अशी सरळ विभागणी करता येत नाही. दोन्ही जुनंच आहे. आपल्या घरात मात्र त्यातलं पहिलं होतं.

रिसायकलिंगची अडचण यंत्रात नाही, तंतूत आहे. कापूस वेचतो तेव्हा त्याचा तंतू अडीच-तीन सेंटिमीटर लांब असतो. कपडा फाडताना तो तुटतो. आखूड तंतूचं बारीक सूत निघत नाही, जाडंभरडंच निघतं. म्हणून तलम साडीची पुन्हा तलम साडी होत नाही. सतरंजी होते, पायपुसणं होतं, गादीचं भरण होतं. आणखी एकदा फाडायला गेलं तर कातण्याजोगंही काही उरत नाही. त्यात आजचे कपडे सरमिसळीचे: टीशर्टमध्ये कापूस आणि पॉलिएस्टर, जीन्समध्ये ताणणारा इलॅस्टेन. हे एकदा एकत्र कातलं की वेगळं काढणं अवघड आणि खर्चाचं. वस्तू पुन्हा पुन्हा वापरात राहाव्यात म्हणून काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेने २०१७ मध्ये जो अहवाल काढला, त्यानुसार कपड्यांसाठी जगात लागणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल परत कपड्याच्या रूपात येतो. खोक्यात टाकलेल्या टीशर्टचा उद्या नवा टीशर्ट होईल, ही समजूत त्यामुळे सोडून दिलेली बरी.

मधल्या जागी बसते बोहारीण. ती दारात येई, चार साड्या आणि दोन पँटी पुढ्यात टाकल्या की एक पातेलं काढून दाखवी, आणि मग “अजून एक शर्ट घाला” पासून खरी घासाघीस सुरू होई. तिचं गाठोडं कुठे जातं याचा विचार घरातलं कोणी करत नसे. ते कपडे धुऊन, सांधून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकले जात. ज्याला नवा शर्ट परवडत नाही तो ते विकत घेई. म्हणजे हाही पुनर्वापरच, फक्त घराबाहेरचा. अगदीच न विकण्याजोगं असेल ते यंत्रं पुसायच्या चिंध्यांत जाई. बोहारणीला दोन्ही वाटा ठाऊक होत्या, आणि कुठला कपडा कुठल्या वाटेचा हे ती नुसत्या बोटांनी चाचपून सांगे. दुकानातल्या खोक्याला ते येत नाही.

जुन्या लोकांनी रिसायकलिंग केलंच नाही, असं मात्र नाही. एक वस्तू ते बेधडक वितळवत: धातू. शालू किंवा पैठणी जीर्ण झाली की तिची खरी जर वेगळी विकली जाई, कारण ती रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. जाळून चांदी निघत असे. म्हणजे वस्त्राचा जरीचा काठ सोनाराच्या मुशीत जाई. तांब्यापितळेच्या भांड्यांचंही तेच. भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाल्याकडून नवसागर आणि कथील लावून घ्यायचं. चेमटलं तर तांबटाकडून ठोकून घ्यायचं. भोकच पडलं तर मोडीत घालायचं आणि मोडीच्या भावात भर घालून नवं आणायचं. या क्रमात कुणी चुकत नसे. कल्हई लावून चालणारं पातेलं मोडीत घालणाऱ्या सुनेला सासूने काय ऐकवलं असतं, याची कल्पना करा. धातूच्या बाबतीत वितळवणं परवडतं, कारण पितळ पुन्हा पितळच होतं, त्याचा तंतू तुटत नाही. ॲल्युमिनियम तर खनिजापासून नव्याने काढण्यापेक्षा भंगारातून केलं तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

दुधाच्या बाटलीत हा फरक एकाच वस्तूत दिसायचा. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून येई, वर पातळ ॲल्युमिनियमची टोपी. रिकामी बाटली केंद्रावर परत नेली की भरलेली मिळे. ती गरम पाण्याने आणि कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा भरली जाई. हा पुनर्वापर. एकदा चुरगळलेली टोपी परत बसत नाही, तिला भंगाराची वाट धरावीच लागते. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशव्या ग्राहकाकडून पैसे देऊन परत घेण्याची तरतूद तिच्यात होती. बाटली परत, पिशवी परत. वरवर दोन्ही सारखंच वाटतं. पण परत आलेल्या पिशवीत कोणी पुन्हा दूध भरत नाही. तिचे दाणे होतात, दाण्यांतून हलक्या प्रतीची दुसरी वस्तू. आणि काचेची म्हणून बाटलीचं उगाच कौतुक नको: काच वितळवायला जवळपास १,५०० अंश सेल्सिअस लागतात आणि ती जडही असते. एकदा वापरून फेकलेली काचेची बाटली पिशवीपेक्षा महागात पडते. तिची किंमत वसूल होते ती परत परत भरल्यावरच.

या जुन्या व्यवहाराला हिशेबात न धरलेली एक बाजू आहे, ती लपवून उपयोग नाही. दंड घालणं, दुपटी शिवणं, वाकळ नदीवर नेऊन आपटणं, हे सगळं बायकांच्या अंगावर होतं आणि त्याचे पैसे कोणी मोजत नव्हतं. शिवाय ते आवडीने नव्हतं, टंचाईपायी होतं. १९४३ मध्ये सरकारने सुती कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं होतं. कापड हवं तेवढं मिळतच नव्हतं, मिळालं तरी परवडत नव्हतं. आजीला पृथ्वी वाचवायची नव्हती, लुगडं वाचवायचं होतं. पुढे स्वस्त टेरिलीन, नायलॉन आलं तेव्हा त्याच आज्यांनी ते आनंदाने घेतलं, कारण ते धुवायला हलकं आणि फाटता फाटत नसे. त्यांना नावं ठेवणं मला तरी जमणार नाही.

गंमत अशी की आज गोधडीही गोंधळात सापडली आहे. प्रदर्शनांत कोऱ्या कापडाचे चौकोन कापून, ते मुद्दाम फिके करून शिवलेल्या गोधड्या ‘पारंपरिक’ म्हणून हजारोंना विकल्या जातात. टाके सुंदर असतात, पण त्यात पुनर्वापरही नाही आणि रिसायकलिंगही नाही. ती नवी चादर आहे. याउलट काही बचतगटांच्या बायका तुमच्याच आईच्या साड्या घेऊन, मजुरी लावून गोधडी करून देतात. इथे कापड जुनं, वीण शाबूत आणि शिवणारीच्या हाती पैसे. जुन्या पद्धतीतला दोष इथे निघून गेला आहे, म्हणून मला हा व्यवहार सगळ्यांत सरस वाटतो.

कपाट आवरताना निवड अशी करता येते. सुती साडी, पंचा, जुनी चादर: गोधडी, दुपटं, फडकी. सिंथेटिक साडी घाम शोषत नाही आणि टाक्यात सरकते, म्हणून ती धड आहे तोवर दुसऱ्या कोणीतरी नेसलेली बरी. खरी जर असेल तर सोनाराला दाखवा, नकली असेल तर तो लगेच सांगेल. लोकरीचा विटलेला स्वेटर उसवून लोकर परत गुंडाळता येते. ते जमत नसेल तर पानिपतची वाट त्याला शोभते. उरतात ताणून सैल पडलेल्या लेगिंग्ज आणि गोळे आलेले टीशर्ट. त्यांची धड गोधडीही होत नाही आणि धड सूतही निघत नाही. दुकानातल्या खोक्यात बहुतेक तेच पडलेले असतात.