हर्पीस विषाणूंची सुप्तावस्था आणि क्रोमॅटिन

हर्पीस कुळातील विषाणू एकदा शरीरात शिरले की जन्मभर तिथेच राहतात. आजार बरा होतो, खपल्या गळतात, डाग पुसट होतात; विषाणूचा डीएनए मात्र काही ठरावीक पेशींच्या केंद्रकात शिल्लक असतो. नवे विषाणू न बनवता असे टिकून राहण्याला सुप्तावस्था म्हणतात. ही अवस्था घडवण्यात आपल्याच पेशीतील प्रथिनांचा मोठा हात असतो. काही प्रथिने डीएनए गुंडाळून ठेवतात, काही त्या गुंडाळीवर रासायनिक खुणा करतात, तर काही त्या खुणा पुसतात. डीएनए आणि त्याला बिलगलेली प्रथिने मिळून जे द्रव्य बनते ते क्रोमॅटिन.

माणसाला बाधणारे या कुळातील ९ विषाणू ज्ञात आहेत. कोकणात घरोघरी ओळखीचा आहे तो व्हॅरिसेला-झोस्टर. लहानपणच्या कांजिण्या आणि उतारवयात छातीला किंवा कमरेला उठणारी नागीण हे दोन्ही त्याचेच आजार, पण रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बहुतेक घरांत त्यांचा एकमेकांशी संबंध लावला जात नाही. कांजिण्या ओसरल्यावर विषाणू मणक्यालगतच्या आणि चेहऱ्याच्या गँग्लियॉनमध्ये, म्हणजे मज्जापेशींच्या पुंजक्यांत, ठाण मांडतो. वय, स्टेरॉइड किंवा कर्करोगाचे उपचार यांमुळे प्रतिकारशक्ती उणावली की तो त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर परततो.

नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत अजून टिकून आहे. पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यात उठते आणि तो पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून सहसा वेढा पूर्ण होत नाही. दोन ते चार आठवड्यांत पुरळ आपोआप सुकते आणि श्रेय काव किंवा गेरूच्या लेपाला मिळते. लेपापेक्षा मोठे नुकसान वाया गेलेल्या वेळेचे आहे. विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो, आणि वाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत हे तास सहज निघून जातात. नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याभोवती फोड दिसले तर एक दिवसही थांबू नये. दृष्टी जाऊ शकते.

व्हॅरिसेला-झोस्टर माणसाखेरीज इतर प्राण्यांत नीट रुजत नाही. त्यामुळे सुप्तावस्थेबद्दलचे बरेचसे ज्ञान त्याच्या भावंडाकडून, हर्पीस सिम्प्लेक्स-१ कडून, आले आहे. तापानंतर किंवा कडक उन्हानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोड आणणारा तो हाच. उन्हातील अतिनील किरण त्याला जागे करतात. दिवसभर होडीवर असणाऱ्या खारवी-गाबितांना ओठ झाकण्याचा सल्ला द्यावा तो याच कारणाने.

या विषाणूच्या कवचात सुमारे १,५२,००० बेसजोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) डीएनए असतो आणि त्यावर हिस्टोन, म्हणजे डीएनए गुंडाळून ठेवणारी प्रथिने, नसतात. केंद्रकात शिरताच पेशी त्यावर हिस्टोन चढवू लागते: आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती १४७ बेसजोड्यांचा वेढा, आणि असे वेढे ओळीने. केंद्रकातील पीएमएल कणिका नावाच्या प्रथिनांच्या पुंजक्यांतील डॅक्स आणि एटीआरएक्स ही प्रथिने हा परका डीएनए बंद पाडायला धावतात. पुढे काय होणार हे पेशीवर ठरते. त्वचेच्या पेशीत विषाणूचे व्हीपी-१६ प्रथिन पेशीच्या एचसीएफ-१ आणि ऑक्ट-१ यांच्याशी जुळते. हा गट एलएसडी-१ या विकराला बोलावून बंदीच्या खुणा काढवतो आणि दुसऱ्या विकरांकडून चालू करणाऱ्या खुणा लावून घेतो. विषाणूचे आयसीपी-० प्रथिन पीएमएल कणिका मोडून टाकते. मज्जापेशीत चित्र वेगळे असते. तिथे एचसीएफ-१ बहुतांशी केंद्रकाबाहेर राहते, व्हीपी-१६ चे बळ अपुरे पडते आणि विषाणूच्या जनुकांवर एच-३ हिस्टोनच्या ९ व्या व २७ व्या लायसिनवर (लायसिन हा प्रथिनाच्या साखळीतील एक दुवा, म्हणजे अमिनो आम्ल) बंदीच्या मिथिल खुणा साचतात. उघडा राहतो तो ‘लॅट’ नावाचा आरएनए बनवणारा भाग. त्याच्या आसपास सीटीसीएफ हे प्रथिन बसून उघड्या आणि बंद पट्ट्यांची हद्द राखते.

जागे होण्याची सुरुवातही पेशीच करते. मज्जापेशीवर ताण आला की जेएनके विकर सक्रिय होतो. २०१५ मध्ये दिसून आले की त्या वेळी ९ व्या लायसिनची मिथिल खूण तशीच राहते, पण शेजारच्या १० व्या दुव्यावर, सेरीन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट बसतो आणि त्या खुणेची पकड सैल होते. मला या साऱ्या विषयातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते: कुलूप न काढताच दार किलकिले होते.

विभाजन होणाऱ्या पेशींत राहणाऱ्या विषाणूंपुढे आणखी एक अडचण असते. १९६४ मध्ये सापडलेला एप्स्टाइन-बार आणि १९९४ मध्ये सापडलेला कापोसी सार्कोमाचा विषाणू बी-पेशींत, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींत, सुप्त असतात. पेशी दुभंगताना त्यांची डीएनएची सुटी वर्तुळे हरवू शकतात. म्हणून एप्स्टाइन-बारचे ईबीएनए-१ आणि कापोसी विषाणूचे लाना ही प्रथिने त्या वर्तुळांना पेशीच्या गुणसूत्रांशी अडकवतात. मचव्यामागे दोराने बांधलेली होडी जशी ओढली जाते, तशी ती नव्या पेशीत जातात. लानाचे एक टोक हिस्टोनच्या एच-२ए व एच-२बी जोडीवरील आम्लधर्मी खाचेत बसते, हे २००६ मध्ये स्फटिकरचनेवरून उघड झाले.

असायक्लोव्हिरसारखी औषधे विषाणूच्या डीएनएची नक्कल रोखतात. सुप्तावस्थेत हर्पीस सिम्प्लेक्सची अशी नक्कल होतच नाही, म्हणून गोळ्यांचा क्रम पूर्ण करूनही विषाणू मुळासकट जात नाही. त्यात रुग्णाचा किंवा डॉक्टरांचा दोष नसतो. नागिणीची लससुद्धा सुप्त विषाणू काढत नाही, ती त्याच्यावरील पहारा वाढवते. एलएसडी-१ ला अडवणाऱ्या औषधांनी प्राण्यांमध्ये विषाणूचे जागे होणे कमी झाले आहे. उलट हिस्टोनवरील ॲसिटिल खुणा टिकवणारी ब्युटिरेटसारखी द्रव्ये संवर्धित पेशींतील एप्स्टाइन-बारला जागे करतात.

गुरांमध्येही हेच घडते. गोवंशीय हर्पीस-१ विषाणू गाईच्या ट्रायजेमिनल, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या, गँग्लियॉनमध्ये सुप्त राहतो आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचल्यावर प्रयोगात खात्रीने परततो. बरी दिसणारी गाय अशी वाहक असू शकते, म्हणून कृत्रिम रेतनासाठी ठेवलेल्या वळूंची या विषाणूसाठी तपासणी केली जाते.