आभाराचा मेल वेगळा, विचारणेचा वेगळा

मुलाखत चांगली झाली की मनात दोन गोष्टी एकदमच येतात: समोरच्यांचे आभार मानावेत आणि आपलं काय ठरलं ते विचारावं. बरेच उमेदवार दोन्ही एकाच मेलमध्ये उरकतात: 'वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, निकाल कधीपर्यंत कळेल?' यात आभार वाया जातात. वाचणाऱ्याला दिसतो तो फक्त प्रश्न.

आभाराचा मेल त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जावा, आणि ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना जावा. त्यांचा पत्ता नसेल तर एचआरला पाठवून 'पॅनेलपर्यंत पोचवावा' असं लिहा. त्याला उत्तर येईलच असं नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. एका दिवसात चार-पाच जणांशी बोललेल्या माणसाला तुमचं बोलणं पुन्हा आठवावं, एवढंच त्याचं काम. म्हणून नुसत्या धन्यवादापेक्षा त्यातलं एक नेमकं वाक्य मोलाचं: 'जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ समांतर चालवण्याचा मुद्दा तुम्ही मांडलात, त्यावर नंतरही विचार करत होतो.' एखादं उत्तर अर्धवट राहिलं असेल, तर ते दोन ओळींत पूर्ण करायचीही हीच जागा.

विचारणेचा मेल एचआरला. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर कन्सल्टन्सीला. त्यांना डावलून थेट कंपनीत विचारलंत तर दोघेही नाराज होतात. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं, त्यालाच 'रिप्लाय' करा, म्हणजे पद, तारीख, नाव शोधावं लागत नाही. 'शुक्रवारपर्यंत कळवू' असं सांगितलं असेल तर त्यानंतर कामाचे दोन दिवस जाऊ द्या. काहीच सांगितलं नसेल तर आठवडाभर थांबा. खरं तर मुलाखत संपतानाच 'साधारण कधीपर्यंत कळेल?' हे विचारून घ्यावं, म्हणजे पुढे अंदाज बांधत बसावं लागत नाही.

शांतता म्हणजे नकारच, असं घरचे लगेच धरतात. पण निवड झाल्यावरही पगाराला मंजुरी, वरिष्ठांची सही, दुसऱ्या उमेदवाराची उरलेली फेरी यात दिवस जातात. गणपती किंवा दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये आल्या तर आणखी. म्हणून मेलमध्ये अजीजी नको, 'घरची परिस्थिती' नको. एक प्रश्न आणि जमलं तर एक उपयोगी माहिती: 'सध्याच्या कंपनीत माझा शेवटचा दिवस ३० जून आहे.' जिथे नोटीस पिरियड ९० दिवसांचाही असतो, अशा आयटी क्षेत्रात ही ओळ एचआरच्या खरोखर कामाची. दुसरी ऑफर हातात असेल तर तिची मुदत सांगा. नसलेली ऑफर मात्र सांगू नका, पत्र दाखवा म्हणतात.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने आणखी एकदा. तिसऱ्यांदा नाही. एचआर व्हॉट्सॲपवर स्वतःहून बोलत असतील तरच तिथे लिहा. रेफर करणाऱ्या मित्राने आत एकदा चौकशी करणं ठीक आहे, पण त्याला रोज विचारून भंडावू नका.

सरकारी भरतीत यातलं काहीच करायचं नाही. एमपीएससीसारख्या परीक्षांत निकाल यादीनेच कळतो, आणि मुलाखत घेणाऱ्यांशी खासगी संपर्क साधणं उमेदवारी घालवू शकतं.

फोनवर 'तुमचं जवळपास नक्की आहे' असं ऐकलंत, तर त्यावर राजीनामा टाकू नका. त्याच दिवशी लिहा: 'आज बोलल्याप्रमाणे, ऑफर लेटर कधीपर्यंत अपेक्षित धरू? ते मिळाल्यावर मी इथे नोटीस देईन.'