परिसर-खत प्रकल्प

परिसर-खत प्रकल्प : महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या आवारातील खरकटे व पालापाचोळा यांचे तिथेच खत करण्याचा, विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी यांनी मिळून चालवलेला उपक्रम. हरित परिसर चळवळीतील हा बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर बंद पडणारा प्रकार आहे.

या चळवळीचा आरंभ सामान्यतः फ्रान्समधील तालवार येथे 1990 साली विद्यापीठप्रमुखांनी केलेल्या दहाकलमी पर्यावरणविषयक जाहीरनाम्यापासून धरतात. काहींच्या मते तो 1972 च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेपर्यंत मागे नेता येतो. मात्र जाहीरनाम्यात मुख्यतः संस्थांनी घेतलेली जबाबदारी आहे; एकत्र श्रम करण्याची प्रथा त्याहून जुनी दिसते. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या श्रमाधारित शिक्षणपद्धतीत, सफाई व खतनिर्मिती हा शिक्षणाचाच भाग होता. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही रीतही त्याच काळात रुजली. महाराष्ट्रापुरता उगम या दोहोंत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. नॅक (महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय परिषद) मूल्यांकन व हरित लेखापरीक्षण, म्हणजे परिसराच्या पर्यावरणपूरकतेची तपासणी, ही नंतरची भर.

तंत्रदृष्ट्या बहुतेक प्रकल्प नाडेप हौदावर बेतलेले असतात. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. मूळ हौद 10 × 6 × 3 फुटांचा, भिंतींत झरोके ठेवून बांधलेला असतो. त्यात शेतातील काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर एक-दोन दिवसांत भरून वरून लिंपतात. वसतिगृहाच्या मेसचे खरकटे मात्र रोज थोडे थोडे येते. मोठा हौद त्यामुळे महिनोन्‌महिने अर्धाच राहतो, वरचा थर सडतो, खालचा वाळतो. मूळ मापे जशीच्या तशी उचलणे ही नेहमीची चूक.

त्याऐवजी 4 × 4 × 3 फुटांचे चार हौद ओळीने बांधावेत. दिवसाला 20 किलो ओला कचरा धरला तर एक हौद साधारण महिन्यात भरतो. चौथा भरेपर्यंत पहिल्याला तीन महिने मिळतात. एक बादली निथळलेल्या खरकट्याला दोन बादल्या सुका पाला, वर थोडे जुने खत विरजण म्हणून, आणि रोज शेवटी चार बोटे पाल्याचे पांघरूण. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटींत एखाद-दुसराच थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवावा, मूठ उघडताच गोळा विस्कटला तर पाणी शिंपडावे. मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली की हाताला चांगली गरम लागायला हवी.

दुर्गंधी व अळ्या यांचे मूळ बहुधा आमटीच्या पाण्यात असते. ताटे रिकामी करण्याच्या जागीच चाळणी लावणे हाच त्यावर उपाय. उंदरांसाठी झरोक्यांना अर्ध्या इंचाची जाळी बसवावी. स्नेहसंमेलनाच्या दिवशीचा कचरा सरळ हौदात घेऊ नये. सॉसच्या पुड्या व प्लास्टिकचे चमचे नंतर खतातून वेचणे फार जिकिरीचे होते.

पानगळ मुख्यतः हिवाळ्याच्या अखेरीस होते, तर मेस पूर्ण भरते पावसाळ्यात, म्हणजे सुका पाला दुर्मीळ असताना. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच पाला झाडून, छपराखाली जाळीच्या पिंजऱ्यात पावसाळाभर पुरेल इतका साठवावा लागतो. हे माळीबुवांना पाठ असते. आराखडा करताना त्यांना बोलावले नाही, तर पाला पेटवला जातो आणि जुलैत हौद नासतो.

कामाची वाटणी सर्वत्र सारखी नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) स्वयंसेवक वजनाची नोंदवही ठेवतात, रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभाग खताचा सामू (आम्लता दाखवणारा pH) व कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर तपासतो. रोजचा भरणा मात्र मेसचे आणि सफाईचे कर्मचारीच करतात. त्या कामाचे तास त्यांच्या वेळापत्रकात धरणे व हातमोजे, फावडी पुरवणे यांकडे फार दुर्लक्ष होते. परीक्षा व दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी नसतात. तेव्हा हौद कोणाच्या ताब्यात, हे वसतिगृह अधीक्षकांच्या सहीने आधीच लिहून ठेवावे लागते.