श्रीलंका कमी खर्चात: आगगाडी, बस आणि रिक्षा

श्रीलंकेचं विमानतिकीट काढलं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आठवड्याची गाडी ड्रायव्हरसकट कितीला पडेल?" गाडी मिळते, आणि आम्हाला त्यात कमिशनही बरं सुटतं. तरीही तुम्ही दोघंच असाल आणि बजेट बेताचं असेल तर गाडी घेऊ नका. एका दिवसाच्या भाड्यात एका माणसाचा बस-रेल्वेचा बहुतेक प्रवास निघतो.

विमानतळ कटुनायकेला, कोलंबोपासून तीसेक किलोमीटरवर. तिथून १८७ नंबरची बस शहरात फोर्टला आणून सोडते. रात्री उशिरा उतरणार असाल तर मात्र पहिली रात्र जवळच नेगोम्बोला काढा.

आगाऊ ठरवायची गोष्ट एकच: कँडी ते एला ही चहाच्या मळ्यांतून जाणारी गाडी. आरक्षण ३० दिवस आधी उघडतं आणि सीझनमध्ये बघता बघता संपतं, म्हणून तारखा आम्हाला दीड महिना आधी कळवा. फर्स्ट क्लास एसीचा हट्ट नको. त्याच्या काचा बंद असतात, फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं. सेकंड किंवा थर्ड क्लासची आरक्षित सीट घ्या, खिडकी उघडते. प्रवास सहा-सात तासांचा, आणि गाडी लेट होतेच. त्या संध्याकाळी पुढचं काही ठरवू नका. नुवारा एलियाला जायचं तर नानू ओयाला उतरायचं. आणि हो, लोकलच्या दारात उभं राहायची सवय इथे विसरा. बोगदे आणि झाडं डब्याला अगदी खेटून आहेत, सेल्फी काढताना माणसं पडून गेली आहेत.

कोलंबो ते गॉलला आरक्षणाची गरज नाही, खिडकीवर तिकीट काढा आणि उजवीकडे बसा. समुद्र त्या बाजूला आहे.

बाकी सगळीकडे बस. लाल ती सरकारी, इतर रंगांच्या खाजगी. पाटी सिंहली, तामिळ आणि इंग्रजीत असते, पैसे आत कंडक्टरला द्यायचे. पुढच्या सीट भिक्खूंसाठी राखीव असतात, तिथे बसू नका. एप्रिलच्या मध्यात सिंहली-तामिळ नववर्षाला अख्खा देश गावी निघतो, तेव्हा बसला गणपतीतल्या कोकणच्या एसटीसारखी गर्दी होते. ते दिवस टाळा. रिक्षाला भाव आधी ठरवा, किंवा पिकमी ॲप वापरा.

शाकाहारी मंडळींसाठी: "व्हेज" म्हटलं तरी खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे सांबोलात, सुक्या माशाचा चुरा पडतो. त्याला उंबलकड म्हणतात. "उंबलकड एपा" म्हणजे तो नको, एवढं पाठ करा. डाळ, भात आणि तीन-चार भाज्यांचं 'राइस अँड करी'चं ताट साध्या हॉटेलात पोटभर मिळतं.

सिगिरिया, म्हणजे उंच खडकावरचा प्राचीन किल्ला, त्याचं तिकीट महाग आहे. भारतासकट सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, पण पासपोर्ट दाखवावा लागतो, तेव्हा तो लॉजवर ठेवून जाऊ नका. समोरच्या पिदुरंगला खडकावर थोडक्या पैशात चढता येतं आणि सिगिरियाचा खडक तिथूनच पूर्ण दिसतो.

पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सुट्टी असते आणि दारूची दुकानं बंद. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य पावसाळा, त्या दिवसांत गॉलऐवजी पूर्वेला त्रिंकोमालीला जा.

प्रवेश परवान्याचा ऑनलाइन फॉर्म आम्ही भरून देतो. तिकिटाला येताना पासपोर्ट आणि कँडी सोडायची तारीख घेऊन या.