धोफार: मोसमी वाऱ्याने घडवलेला अरबी किनारा

अरबी समुद्राच्या आपल्या बाजूला पाऊस कोसळत असतो, तेव्हा पलीकडच्या काठावरचा एक चिंचोळा पट्टाही हिरवागार होतो. ओमानच्या दक्षिण टोकाचा, येमेनला भिडलेला हा धोफार प्रांत. सलाला हे त्याचे मुख्य शहर, मस्कतपासून रस्त्याने सुमारे १,००० किलोमीटर दूर. २१ जून ते २१ सप्टेंबर हा तिथला अधिकृत खरीफ, म्हणजे पावसाळी हंगाम. आखातात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना सलालात तो २५ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे सौदी, अमिराती, कुवेती कुटुंबे गाड्या भरभरून इथे येतात. २०२४च्या हंगामात पर्यटकांचा आकडा १० लाखांवर गेला. हिरवे डोंगर, दरबातच्या दरीतले धबधबे, मुगसैलच्या खडकांतून उसळणारे पाण्याचे फवारे, रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर शहाळी आणि केळी. जाहिरातीतला धोफार इथेच संपतो. पण ज्या मालामुळे या प्रदेशाचे नाव जगभर गेले, तो या हिरव्या उतारांवर पिकतच नाही. आणि ज्या युद्धामुळे आजचे रस्ते, शाळा, दवाखाने आले, त्याची गोष्ट पर्यटकाच्या कानावर क्वचितच पडते.

सुरुवात वाऱ्यापासूनच करायला हवी. नैर्ऋत्य मोसमी वारा इथे किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो आणि समुद्राच्या पृष्ठभागावरचे उबदार पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. या गार पाण्यावरून येणारी दमट हवा थंड होऊन धुके धरते. वर वाळवंटाकडून आलेल्या कोरड्या, तापलेल्या हवेचे झाकण असते, म्हणून तिला उंच चढता येत नाही. त्यामुळे आपल्यासारखी झड लागत नाही. नुसती भुरभुर असते आणि कमर, करा, समहान या डोंगररांगांना बिलगलेले धुके असते. सलाला शहरात वर्षभराचा पाऊस साधारण १०० ते १२५ मिलिमीटर. कोकणात एवढा एका दिवसात पडून जातो. तरीही डोंगरावर जंगल टिकले आहे, कारण झाडे धुके अडवतात. पानांवर बाष्प साचते, थेंब धरतात, खोडावरून ओघळून मातीत जिरतात. या जंगलातले मुख्य झाड आपल्या धावड्याच्या जवळच्या नात्यातले आहे, आणि ते धोफार व लगतच्या येमेनच्या डोंगरांतच सापडते.

तेच थंड पाणी खालची पोषकद्रव्ये वर आणते आणि त्यावर मासळी पोसते. तारली इथे इतकी सापडते की ती वाळूत पसरून सुकवतात आणि गाई-उंटांना चारा म्हणून घालतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला, तेव्हाही जनावरे मासळीवरच जगत होती आणि त्याने ते नवल लिहून ठेवले. मिरबात, सदह, हदबीन या गावांतले पाणबुडे वर्षातल्या थोड्याच दिवसांच्या परवानगीत ॲबलोन काढतात. शंख-गोगलगाईच्या कुळातल्या या प्राण्याला पूर्व आशियात मोठा भाव मिळतो.

आता डोंगर ओलांडून उत्तरेला जाऊ. काही किलोमीटरांत धुके संपते, गवत संपते आणि ओसाड खडकाळ दऱ्या सुरू होतात. लोबानचे झाड इथले. मोसमी वाऱ्याचा गारवा त्याला लाभतो, पण भुरभुर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उत्तम प्रतीचा लोबान याच कोरड्या पट्ट्यात मिळतो. उन्हाळा लागला की कामकरी मिनगफ नावाचे छोटे पातेदार हत्यार घेऊन खोडाची साल तळहाताएवढी खरवडतात. दुधासारखा पांढरा चीक पाझरतो आणि हवेत घट्ट होतो. पहिल्या खेपेचा माल हलका, तो काढून टाकतात. काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा खरवडतात, मग पुन्हा एकदा. शेवटच्या खेपांतले निळसर-हिरवट झाक असलेले खडे म्हणजे पहिल्या प्रतीचा, हौजरी लोबान. खोडाला किती जखमा करायच्या आणि कधी थांबायचे, हे जाणण्यातच खरे कसब आहे, कारण फार खरवडलेले झाड खंगते. सातपुड्यात आणि विदर्भात साळईचा डिंक काढणाऱ्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. साळई याच झाडाची भारतातली बहीण आहे.

मंदिरांत, अंत्यविधीत, औषधांत लोबान लागत असे आणि रोमन जगात त्याला प्रचंड मागणी होती. तो माल बाहेर पाठवायला हद्रामौतच्या (आजच्या येमेनचा पूर्व भाग) राजांनी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास खोर रोरीच्या खाडीवर सुमहुरम हे तटबंदीचे बंदर वसवले. वेशीच्या भिंतीवर दक्षिण अरबी लिपीतले शिलालेख आजही वाचता येतात. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहिले. त्यात या बंदराचा मोस्का या नावाने उल्लेख आहे आणि आपल्या सोपारा, कल्याण यांचाही आहे. तो सांगतो की भडोच आणि दक्षिण भारताकडून परतणारी, उशीर झालेली जहाजे हिवाळा मोस्काला काढत आणि कापड, गहू, तिळाचे तेल देऊन लोबान घेत. उत्खननात तिथे भारतीय मातीची भांडी आणि स्त्रीची एक भारतीय कांस्यमूर्ती मिळाली. वादी दौकातली लोबानची झाडे, शिस्रचा वाळवंटी मुक्काम, सुमहुरम आणि अल-बलीद ही चार ठिकाणे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. धोफारला जाऊन केवळ धबधबे पाहून परतणे मला म्हणूनच अर्धवट वाटते.

पाचव्या शतकात सुमहुरम ओस पडले. पुढे आजच्या सलाला शहराच्या जागी अल-बलीद भरभराटीला आले. मध्ययुगातले धोफार बंदर ते हेच. इथून भारतात घोडे जात; मार्को पोलो आणि इब्न बतूता दोघांनीही त्याची नोंद केली आहे. नागवेल आणि नारळ हे भारताखेरीज याच शहरात दिसतात, असेही बतूता लिहितो. वारा अनुकूल असेल तर इथून कालिकतला महिन्याभरात पोहोचता येई. मलबारचा राजा चेरमान पेरुमल धर्मांतर करून अरबस्तानात आला आणि परतताना वारला, अशी केरळात आख्यायिका आहे. सलालात त्याची म्हणून एक कबर दाखवतात. मलबारशी नाते एवढ्यावर थांबले नाही. इंग्रजांनी मलबारमधून हद्दपार केलेल्या सय्यद फद्ल या मोपला धर्मगुरूने १८७०च्या दशकात काही वर्षे धोफारवर राज्य केले आणि १८७९ मध्ये स्थानिक टोळ्यांनी त्याला हुसकावले. त्यानंतर हा प्रदेश मस्कतच्या सुलतानांकडे कायमचा गेला.

त्या काळात धोफारच्या लोबानची मोठी पेठ मुंबई होती. गलबतांतून माल मुंबईला येई, इथे निवडून त्याची प्रतवारी होई आणि पुढे युरोपकडे रवाना होई. १९३२ मध्ये गादी सोडलेले सुलतान तैमूर यांनी अखेरची वर्षे मुंबईतच काढली आणि १९६५ मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले होते. ओमानात १९७०पर्यंत रुपयाच चाले.

या सईद बिन तैमूर यांच्याच कारकिर्दीत धोफार पेटला. ते १९५८ पासून सलालातच राहत, पण प्रांताकडे खासगी जहागिरीसारखे पाहत. १९७० साली अख्ख्या ओमानात तीन प्राथमिक शाळा आणि सुमारे १० किलोमीटर डांबरी रस्ता होता. डोंगरी लोकांना दवाखाना नव्हता, परदेशी जाण्यावरही बंधने होती. तरीही माणसे कामासाठी आखातात गेली, तिथले जग पाहून आली आणि १९६५ मध्ये बंड सुरू झाले. दक्षिण येमेन स्वतंत्र झाल्यावर बंडाला डाव्या विचारांची धार आली. चीन आणि सोव्हिएत संघाची मदत मिळू लागली. २३ जुलै १९७० रोजी सलालाच्या राजवाड्यातच सईद यांना पदच्युत करून त्यांचे पुत्र काबूस गादीवर आले. लढाई मात्र पाच वर्षे आणखी चालली. सुलतानाच्या बाजूने ब्रिटिश सैनिकही लढत होते; १९ जुलै १९७२ची मिरबातची लढाई ब्रिटिश लष्करी इतिहासात गाजली. पुढे सुलतानाच्या मदतीला इराणची फौजही उतरली. डिसेंबर १९७५ मध्ये युद्ध संपल्याची घोषणा झाली.

माझ्या मते या युद्धाचा निकाल बंदुकीइतकाच कूपनलिकांनी लावला. काबूस यांनी बंडखोरांना माफी दिली, शरण आलेल्यांच्या त्यांच्याच टोळीनुसार सशस्त्र तुकड्या केल्या, आणि डोंगरावरचा जो भाग ताब्यात येई तिथे ताबडतोब विहीर खोदली. विहिरीभोवती दवाखाना, शाळा, मशीद, दुकान उभे राहिले. पाण्यावर गुरे आली, गुरांमागे माणसे आली. धोफारच्या डोंगरांतल्या कित्येक वस्त्यांची सुरुवात अशी आहे. पश्चिमेला सरफैतकडे जाणारा नागमोडी घाटही त्यानंतरच्या दशकातला. त्याच्या प्रत्येक वळणावर गाडी थांबवून फोटो काढले जातात. त्याच कड्यांवर शेवटच्या लढाया झाल्या होत्या.

आजच्या अर्थकारणाचा कणा म्हणजे तेल आणि बंदर. मरमूलच्या तेलक्षेत्रातून १९८० मध्ये उत्पादन सुरू झाले. सलालाजवळच्या रेसुतला भूशिराच्या आडोशामुळे खरीफातही जहाज लावता येते, म्हणून बंदर तिथे झाले. १९९८ मध्ये तिथे कंटेनर धक्का सुरू झाला. आशिया-युरोप मुख्य जलमार्गाला लागून आणि होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीबाहेर असणे ही त्याची जमेची बाजू. अजस्र जहाजे इथे माल उतरवतात आणि लहान जहाजे तो पूर्व आफ्रिकेकडे, तांबड्या समुद्राकडे, भारताकडे नेतात. शेजारी मुक्त व्यापार क्षेत्र आहे, मिथेनॉलचा कारखाना आहे, आणि जिप्सम जहाजे भरभरून बाहेर जाते. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, कंपन्यांनी मार्ग बदलले आणि अशा बंदराचा धंदा दूरच्या लढाईवर किती अवलंबून असतो ते दिसले.

पर्यटनाचा पैसा मात्र थेट गावात येतो: हॉटेले, टपऱ्या, लोबानचे बाजार, भाड्याची घरे. त्याची किंमतही आहे. जुलै २०२२ मध्ये मुगसैलच्या खडकांवरून काही भारतीय पर्यटक लाटेने ओढले गेले. खरीफातला हा समुद्र पोहण्याचा नव्हे. आणि डोंगरावर गुरे बेसुमार वाढली आहेत. विहिरी आणि पशुवैद्यक आल्यावर गाई-उंटांची संख्या वाढत गेली, गवत संपून जमीन उघडी पडली, कोवळी रोपे खाल्ली जाऊ लागली. धुके गाळणारी झाडे कमी झाली की जमिनीत मुरणारे पाणीही घटते, आणि सलालाच्या मैदानातल्या विहिरी, केळीच्या बागा, नारळी त्याच भूजलावर आहेत. कुंपण घालून झाडे वाचवण्याचे प्रयोग सुरू आहेत. पण कळप कमी करायचे तर त्या डोंगरावरच्या प्रत्येक कुटुंबाशी बोलावे लागणार, कारण तिथे गाय ही मिळकतही आहे आणि मानही.