एनके-92 : कर्करुग्णाच्या रक्तातून आलेल्या मारक पेशी

कर्करोगाच्या संशोधनात जगभर वापरल्या जाणाऱ्या एनके-92 या मानवी सेल लाइनचे (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवल्या जाणाऱ्या पेशींच्या वाणाचे) मूळ एका कर्करुग्णाच्याच रक्तात आहे. वेगाने बळावणारा नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा लसिका पेशींचा कर्करोग झालेल्या 50 वर्षांच्या पुरुषाच्या रक्तातून 1992 मध्ये या पेशी वेगळ्या काढण्यात आल्या. त्या स्वतः कर्कपेशी आहेत, म्हणूनच त्या प्रयोगशाळेत अखंड वाढत राहतात.

निरोगी माणसाच्या रक्तातील लिम्फोसाइट्सपैकी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपैकी, साधारण 5 ते 15 टक्के पेशी नैसर्गिक मारक, म्हणजेच एनके, जातीच्या असतात. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावरील एमएचसी वर्ग-1 ही ओळख पटवणारी प्रथिने मारक पेशींना आवरून धरतात. पण टी-पेशी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींची नजर चुकवण्यासाठी अनेक कर्कपेशी हीच प्रथिने लपवतात आणि नेमक्या तेव्हाच मारक पेशींच्या तावडीत सापडतात. मग मारक पेशींनी सोडलेले परफोरिन हे प्रथिन कर्कपेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि त्यांतून आत शिरलेली ग्रँझाइम विकरे तिला आत्मनाशाच्या वाटेला लावतात. एनके-92 पेशींवर मारक पेशींना आवरणारे बहुतेक ग्राहक (संदेश पकडणारी प्रथिने) नसल्यामुळे त्यांचा मारा अधिक मोकळा होतो.

कोकणात मिसरी आणि तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग अनेक घरांना ठाऊक आहे. देवगड किंवा गुहागरहून उपचारांसाठी मुंबईच्या खेपा घालणाऱ्या कुटुंबाला, रुग्णाच्याच मारक पेशी वाढवून परत का देत नाहीत, असा प्रश्न पडणे रास्त आहे. मात्र आधीच्या केमोथेरपीने त्या पेशी बहुधा कमी आणि दुबळ्या झालेल्या असतात. एनके-92 चा साठा एकजिनसी असतो आणि आगाऊ तयार ठेवता येतो. त्याची किंमतही मोजावी लागते: या पेशी रुग्णाच्या शरीरात वाढू लागल्या तर नवाच कर्करोग उद्भवण्याची भीती असते, म्हणून देण्यापूर्वी त्यांच्यावर 10 ग्रे (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) इतका किरणोत्सार करतात. त्यामुळे त्यांचे विभाजन थांबते आणि अर्थातच आयुष्यही थोडेच उरते. शिकागो आणि फ्रँकफर्ट येथील सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांनी हा उपचार बऱ्यापैकी सोसला, पण गाठी आक्रसल्याची उदाहरणे मोजकीच होती. यामुळेच, माझ्या मते, आज जनुकीय फेरफार करून नेमके लक्ष्य ओळखणाऱ्या एनके-92 पेशींवर चाललेले काम अधिक आशादायक आहे.

या पेशी सांभाळणे मात्र नाजूक काम आहे. गुलाबी पोषकद्रवात त्या सैल पुंजके करून तरंगतात, आणि इंटरल्यूकिन-2 हे वाढीचा संदेश देणारे प्रथिन मिळाले नाही तर साधारण 72 तासांत मरतात. गोठवलेला साठा उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवता येतो. तशी टाकी कोकणातील पशुवैद्यकीय दवाखान्यांतही गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रांसाठी असते; पण रेतमात्रा कोमट पाण्यात वितळवून लगेच वापरता येते, तर गोठवणीतून निघालेल्या मारक पेशींची धार काही काळ बोथट झालेली असते आणि ती परत येईपर्यंत त्यांना 37 अंशांच्या उबवणीयंत्रात इंटरल्यूकिन-2 देऊन जोपासावे लागते.